अडखळणाऱ्याजवळचे मौन

समोरचा माणूस अडखळतो आहे, पुढची वाट आपल्याला ठाऊक आहे, आणि तरीही आपण तोंड उघडत नाही. असे मौन केव्हा प्रेमाचे असते आणि केव्हा निष्ठुरपणाचे? मुलाच्या गणिताच्या वहीवर नजर ठेवून बसलेल्या आईला हा प्रश्न पडतो. फळ्यासमोर उभ्या केलेल्या विद्यार्थ्याकडे पाहताना शिक्षकाला तो पडतो, आणि नव्या सुनेच्या हाती प्रथमच स्वयंपाकघर सोपवणाऱ्या सासूलाही तो पडत असावा. कुणी म्हणतात, ठेच लागल्याशिवाय शहाणपण येत नाही. कुणी म्हणतात, जवळ असून हात न देणे हा अपराधच. दोन्ही बाजूंत तथ्य असल्यामुळे नुसत्या वचनांनी निर्णय होत नाही. या जुन्या प्रश्नाकडे पाहण्याची एक नवी जागा मला अलीकडे अनपेक्षित ठिकाणी सापडली. ती म्हणजे संगणकावरील एक अर्धवट तयार झालेला खेळ.

खेळातून गंभीर विचार कसा निघणार, अशी शंका निदान आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांनी घेऊ नये. प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण झाली; आणि सापशिडीचे जुने रूप असलेला मोक्षपट हा खेळही परंपरा ज्ञानेश्वरांच्याच नावाशी जोडते. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. खेळता खेळता घरातील लहानथोरांनी नीती शिकावी, ही त्यामागची योजना. मात्र मोक्षपटात दान पडेल तशी सोंगटी चालते. खेळणाऱ्याला तेथे विचार करीत अडून बसावे लागत नाही, कारण निर्णय त्याचा नसतोच. मी ज्या खेळाविषयी लिहितो आहे त्याची जात निराळी. त्यात फासा नाही. खेळणाऱ्याची गाठ असते ती कोड्याशी, आणि कोडे सुटेपर्यंत तो आहे तेथेच राहतो.

संगणकाची अंतर्रचना खेळणाऱ्याकडूनच उभी करवून घेणारे असे खेळ गेल्या काही वर्षांत निघाले आहेत. अगदी साध्या घटकापासून आरंभ करून विद्यार्थ्याने पायरीपायरीने संपूर्ण संगणक रचावा, अशी शिकवण्याची पद्धत नोम निसान आणि शिमॉन शॉकेन या इस्रायलमधील दोन प्राध्यापकांनी २००५ साली आपल्या पुस्तकात मांडली होती. तीच कल्पना पुढे खेळांतही दिसू लागली. 'ट्युरिंग कम्प्लीट' हा त्यांपैकी एक खेळ २०२१ साली पूर्ण होण्याआधीच लोकांच्या हाती दिला गेला आणि खेळणाऱ्यांच्या अनुभवाप्रमाणे त्यात बदल होत गेले. अशा खेळांमागे बहुधा मोठी कंपनी नसते. एखादा माणूस किंवा दोनतीन मित्र आपल्या खोलीत बसून ते घडवतात. खेळ बाहेर पडण्यापूर्वी निर्माता तो दुसऱ्याच्या हाती देतो आणि स्वतः बाजूला बसून पाहतो. इंग्रजीत याला प्लेटेस्टिंग म्हणतात. आपण खेळाची पारख म्हणू. या पारखीचा एक कडक दंडक आहे : खेळणारा अडला तरी निर्मात्याने बोलायचे नाही.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पुण्याला अभियांत्रिकी शिकतो. दोन मित्रांसह तो असाच एक खेळ तयार करीत होता. सुट्टीत घरी आला तेव्हा संगणक घेऊन तो माझ्याकडे आला. "फादर, तुम्हाला यातले काही येत नाही, म्हणूनच तुम्ही हवेत," तो म्हणाला. "आणि एक सांगतो, तुम्ही अडलात तरी मी काही बोलणार नाही. राग मानू नका."

मला यातले काही येत नाही, हे अर्धेच खरे होते. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्षांत आम्हाला तर्कशास्त्र शिकवले गेले होते. विधान खरे असते किंवा खोटे. 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांनी विधाने जोडली की त्यांच्या खरेखोटेपणाचे कोष्टक मांडता येते. जॉर्ज बूल यांनी १८५४ साली या विचाराला बीजगणिताचे रूप दिले. १९३७ साली क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवले की, विजेच्या स्विचांची मांडणी हेच बीजगणित चालवू शकते : वीज वाहते ते 'होय', वाहत नाही ते 'नाही'. आजच्या प्रत्येक संगणकाच्या पोटात हेच तत्त्व काम करते. त्याआधी, १९१३ साली, हेन्री शेफर यांनी प्रसिद्ध केले होते की, योग्य अशी एकच क्रिया हाती असली तरी तिच्यातून बाकीच्या सर्व क्रिया उभ्या करता येतात. त्या तरुणाच्या खेळाचा पायाही अशाच एका घटकावर होता. त्याचे नाव नॅन्ड. त्याला दोन वाटांनी निरोप येतात. दोन्ही निरोप 'होय' असले, तरच तो 'नाही' म्हणतो. एरवी प्रत्येक वेळी 'होय'. एवढ्याच भांडवलावर खेळणाऱ्याने पुढचा सारा डोलारा उभा करायचा.

पहिले कोडे सोपे होते : 'होय' आले तर 'नाही' द्यायचे, 'नाही' आले तर 'होय'. निरोप आणणारी तार एकच, आणि घटकाला तोंडे दोन. एकच तार दोन्ही तोंडांना जोडली की काम होते, हे तर्कशास्त्राच्या जुन्या सवयीने मला लवकरच सुचले. परंतु पडद्यावर तारेला फाटा कसा फोडायचा, हेच कळेना. तार ओढली की ती एका तोंडाला चिकटे आणि पहिल्या तोंडापासून सुटे. चारपाच प्रयत्नांनंतर माझ्या मनाने निष्कर्ष काढला की, तारेला फाटा फोडण्यास खेळात मनाईच असावी, म्हणजे माझा विचारच चुकीचा. मग मी तो बरोबर विचार टाकून दिला आणि पाऊण तास भलत्याच वाटा धुंडाळल्या. तरुण शेजारी बसून वहीत काहीतरी लिहीत होता. शेवटी माझे बोट बटणावर नकळत जरा जास्त वेळ दाबलेले राहिले आणि तारेला आपोआप फाटा फुटला.

पुढचे एक कोडे खरोखर अवघड होते : दोन निरोपांपैकी नेमका एक 'होय' असेल तरच 'होय' म्हणायचे. हे कोडे आपल्या घरातही असते. जिन्याच्या खाली एक बटण आणि वर एक बटण; कोणतेही दाबा, दिव्याची स्थिती बदलते. ते मला तासाभराने, सहा नॅन्ड वापरून सुटले. चारांतही ते सुटते, हे खेळाने नंतर दाखवले. त्या तासात मी पुष्कळ अडखळलो, पण उठावेसे एकदाही वाटले नाही.

नंतर त्या तरुणाने वही दाखवली. तिच्यात माझी उत्तरे नव्हती. माझा हात कोठे थांबला, मी कोणते बटण व्यर्थ दाबले, कोठे सुस्कारा सोडला, एवढेच होते. दुसऱ्या अडखळण्यापुढे त्याने 'ठीक' असे लिहिले होते. पहिल्यापुढे 'आपली चूक'. तारेला फाटा फोडण्याची रीत त्याच्या बोटांत इतकी मुरली होती की, ती सांगावी लागते हेच तो आणि त्याचे मित्र विसरून गेले होते. त्याच आठवड्यात त्यांनी पडद्यावर एक लहानशी सूचना घातली. जिन्याच्या दिव्याचे कोडे मात्र त्यांनी जसेच्या तसे ठेवले.

या प्रकरणाचे मर्म मला येथे दिसते. अडचणी दोन प्रकारच्या असतात. एक अडचण निर्मात्याने जाणूनबुजून, खेळणाऱ्याच्या वाढीसाठी ठेवलेली असते. दुसरी त्याच्या नकळत, त्याच्या विस्मरणातून शिल्लक राहिलेली असते. पहिली माणसाला घडवते. दुसरी त्याला फक्त थकवते, आणि त्याहून वाईट म्हणजे, आपल्या बरोबर असलेल्या विचारावरचा त्याचा विश्वास उडवते. बाहेरून दोन्हींचे रूप एकच : माणूस अडून बसलेला. निर्मात्याला तर दुसरी अडचण दिसतच नाही, कारण त्याला उत्तर ठाऊक असते, आणि ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसल्यासारखी पाहणे माणसाला फार जड जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली एक साधा प्रयोग केला. काहींनी परिचित गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि इतरांनी गाणे ओळखायचे. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी ओळखतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी तीनच ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण गाणे घुमत होते. ऐकणाऱ्याच्या कानी केवळ टकटक येत होती.

म्हणूनच जगातील शहाण्या कारागिरांनी पारखीचा मार्ग पत्करला आहे. अहिल्यानगर येथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेत लष्करी वाहने सैनिकांच्या हाती जाण्यापूर्वी मुद्दाम तयार केलेल्या कठीण मार्गांवरून चालवून पाहिली जातात. कागदावरचा आराखडा कितीही निर्दोष असला, तरी शेवटचा शब्द त्या मार्गाचा. संगणकाच्या क्षेत्रात हे न मानल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये भागाकार क्वचित चुकतो असे आढळले. चिपमधील एका कोष्टकात पाच नोंदी राहून गेल्या होत्या. कंपनीचे आरंभीचे म्हणणे असे की, सामान्य माणसाला याचा त्रास होणार नाही. लोकांचा रोष वाढला तेव्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने चिप बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यापायी सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा भार सोसला. पाच नोंदी राहून जाणे ही मानवी चूक होती. दुसऱ्याचा त्रास किती, हे त्याला न विचारता आपणच ठरवणे, हा नैतिक दोष होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या तरुणाचे मौन मला निष्ठुर का वाटले नाही? माझ्या मते तीन कारणांनी. कोड्याला उत्तर आहे, याची हमी त्याने स्वतः घेतली होती. उठून जाण्याची मला मुभा होती. आणि तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे : तो गप्प होता, पण रिकामा बसला नव्हता. माझ्या अडखळण्यातून स्वतःचे काम बदलण्याची त्याची तयारी होती. उद्या हा खेळ जे घरोघरी खेळतील त्यांच्या शेजारी तो बसलेला नसणार. त्यांच्यासाठी तो आज गप्प होता. या तीन अटींपैकी एकही न पाळता जो गप्प राहतो, त्याच्या मौनाला शिस्त म्हणणे कठीण आहे. ती उपेक्षाच होय.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आयुष्य म्हणजे खेळ नव्हे. मुलाच्या अपयशाला, रुग्णाच्या वेदनेला, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या विवंचनेला उत्तर आहेच, अशी हमी कोण देणार? आणि त्यातून उठून जाण्याची मुभा तरी कोणाला असते? हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष आपल्यावरची जबाबदारी वाढवतो. जेथे पहिल्या दोन अटी आपल्या हाती नाहीत, तेथे हात राखून ठेवण्याचा अधिकारही आपल्याला नाही. तेथे बोलावे, हात द्यावा. आणि तिसरी अट तर सर्वत्र आपल्याच हातची आहे. वर्गातील निम्मी मुले एकाच उदाहरणापाशी अडत असतील, तर शिक्षकाने आधी आपली शिकवण तपासावी. मुलगा रोज एकाच गोष्टीवरून बापाशी खोटे बोलत असेल, तर बापाने आपल्या घराचा नियम एकदा मुलाच्या जागी बसून पाहावा. निराधार योजनेचा अर्ज हाती घेऊन तासन्‌तास उभी असलेली म्हातारी म्हणते, "आम्हा अडाण्यांना कळत नाही, बाबा." तिचा शब्द आपण फार लवकर खरा मानतो. बहुधा तिला सारे कळत असते. अर्ज करणाऱ्याने तारेला फाटा कसा फोडायचा, तेवढे लिहायचे राहून गेलेले असते. आणि जो जितका नम्र, तो तितक्या लवकर दोष स्वतःकडे घेतो. म्हणून दुसऱ्याच्या विस्मरणाचा सर्वांत जड भार नेहमी गरिबाच्याच खांद्यावर येतो.

तेव्हा ज्यांच्या हाती इतरांसाठी नियम, धडे, परीक्षा वा अर्ज तयार करण्याचे काम आहे, त्यांनी कठीण गोष्टी खुशाल ठेवाव्यात. मात्र ती कठीणता आपण हेतूने ठेवली की विसरून, याचा निवाडा त्यांनी स्वतः करू नये. तो त्या अडखळणाऱ्याच्या शेजारी वही घेऊन बसल्याशिवाय होत नाही.