कपटाचा डाव

बुद्धिबळात दोन्ही सैन्ये पटावर उघडी उभी असतात. तरुण मंडळी आजकाल संगणकावर मध्ययुगीन राजकारणाचे जे खेळ खेळतात, त्यांत मात्र लढाईपेक्षा कारस्थानालाच मान अधिक. विषप्रयोग, वारसाचे अपहरण, सरदारांची फितुरी असे ठरीव डाव त्यांत असतात. ते शिळे झाले की नवे कोणते घालावेत याची चर्चा त्यांच्यात रंगते. अशा चर्चेने मुले बिघडतील असे भय कित्येक पालकांस वाटते. आम्हांस ते वाटत नाही. आमची तक्रार एवढीच की, खेळ सगळ्या गुप्त कृत्यांस एकाच पंक्तीस बसवितो.

नव्या डावासाठी दूर जावयास नको. उमरीच्या दक्षिणेस बिदर आहे. बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याने चार सुभ्यांचे आठ सुभे केले व सुभेदारांच्या हाती एकेकच किल्ला ठेवला. दुखावलेल्या सरदारांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामास वश केले, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि त्याखाली ओरिसाच्या राजास स्वारीचे आमंत्रण लिहिले. फिरिश्ता सांगतो की, गावानाने शिक्का आपला असल्याचे कबूल केले, मजकूर मात्र नाकारला. तिसऱ्या महंमदशहाने अधिक चौकशी न करता १४८१ च्या एप्रिलात त्याचा वध करविला.

खेळाच्या हिशेबाने डाव साधला. पण त्या शिक्क्याचे मोल कोणी निर्माण केले होते? गावानाच्याच दीर्घ सेवेने. शत्रूंनी त्याच्याच सचोटीचे हत्यार केले, आणि राज्याचा कारभार ज्या भरवशावर चालतो तोच खर्ची घातला. सुलतान १४८२ त वारला. पुढे सुभे एकेक करून वेगळे झाले आणि आमच्या भागातील कंधार व उदगीर हे किल्ले बरीदांच्या हाती गेले. या फुटीची कारणे इतरही होती, हे खरे. परंतु दरबारी जाणे जिवावरचे ठरल्यावर सुभेदार आपापल्या किल्ल्यांत राहणे पसंत करतील, यात नवल ते काय?

उमरीकरांस गुप्त बेत अपरिचित नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांनी येथील बँकेवर छापा घातला. त्या कृत्याच्या न्याय्यतेविषयी कोणी वाद घालावा. आम्ही तो अयोग्य म्हणणार नाही. तथापि, बेत गुप्त असला तरी निजामी सत्तेशी त्यांचे वैर जाहीर होते. बिदरच्या सरदारांचे वैर मात्र राजनिष्ठेचा वेष घेऊन आले होते.

म्हणून खोट्या पत्राचा डाव खेळात अवश्य असावा, पण अशा अटीवर की, तो टाकणाऱ्याच्या राज्यात पुढे कोणाचेही पत्र, त्याचे स्वतःचे खरे पत्रसुद्धा, सहजी खरे मानले जाऊ नये. असा डाव मग टाकील कोण, असे कोणी विचारील. ज्याला शेजारच्या सरदाराचा काटा आजच काढायचा आहे, तो टाकील.