जरा जास्तच चांगलं खेळल्याची शिक्षा

वर्धा जिल्ह्यातल्या गावच्या आमदंगलीत जोड ठरवायला संगणक लागत नाही. पैलवान आखाड्यात फेरी मारतो, कुणी त्याला हात देतो आणि पंच दोघांना न्याहाळून जोड मान्य करतात. अंगापिंडाचा अंदाज तर घेतलाच जातो, पण चुरगळलेले कान, वस्तादाचं नाव, गेल्या हंगामात मारलेल्या कुस्त्या हेही पाहिलं जातं. परगावचा तयारीचा गडी अंग चोरून लहान इनामाच्या कुस्तीत घुसू लागला, तर गर्दीतूनच ओरड होते. रामदास तडसांसारखा विदर्भ केसरी पैलवान जिल्ह्यातल्या ज्या देवळी गावाने दिला, तिथे कुस्ती कळणाऱ्या नजरांची वाण नाही.

हौशी खेळात दर्जाची वाटणी हवीच. ती नसेल तर दोन-चार तगडे खेळाडू दरवर्षी बक्षिसं नेतात आणि बाकीचे हळूहळू मैदानावर यायचे बंद होतात. प्रश्न वाटणीचा नाही. ती मोडल्याचं कुणी ठरवायचं आणि शिक्षा कशाची द्यायची, हा आहे.

अमेरिकेतल्या हौशी टेनिस लीगने या प्रश्नावर बराच खल केला आहे. तिथे गेलेली आपली मंडळीही सुट्टीच्या दिवशी या लीगमध्ये खेळताना दिसतात. नवा खेळाडू प्रश्नावली भरून स्वतःच आपला दर्जा सांगतो : 3.0, 3.5, 4.0, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्या. पुढे प्रत्येक सामन्याच्या निकालावरून संगणक शंभराव्या हिश्शापर्यंतचा आकडा काढत राहतो आणि तो खेळाडूला दाखवत नाही. स्वतः दर्जा सांगितलेल्याचा आकडा मर्यादेच्या फार वर तीनदा गेला, की तो त्या दर्जातून बाद. त्याने जिंकलेले सामनेही विरोधी संघाच्या खात्यात जाऊ शकतात.

लबाडाला हे योग्यच आहे. महाविद्यालयीन संघातून खेळून आलेला माणूस प्रश्नावलीत ‘नवशिका’ म्हणून बसला, तर त्याला हाकलायलाच हवं. पण तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा रॅकेट धरलेली, रोज पहाटे भिंतीवर चेंडू मारत राहिलेली बाई सहा महिन्यांत चांगली खेळू लागते. संगणकाला ती आणि तो लबाड सारखेच दिसतात. हेतू सिद्ध करता येत नाही म्हणून आकड्यावर विसंबतो, असा आयोजकांचा युक्तिवाद असतो. मला तो अपुरा वाटतो. हेतू सिद्ध होत नसेल, पण पूर्वीचं खेळणं सिद्ध होतं : कुठल्या संघात होता, कुठली स्पर्धा खेळला. दडवलेला इतिहास हा गुन्हा मानावा. सुधारणा हा नव्हे. शिवाय या नियमाचा एक उफराटा परिणाम होतो. बाद होण्याच्या धास्तीने माणूस सहज 6-1 जिंकता येणारा सेट 6-4 वर आणून ठेवतो. खोटेपणा पकडायला केलेला नियम सरळ माणसाला खोटं खेळायला शिकवतो.

बुद्धिबळाने यातून बरी वाट काढली. आपल्याकडे ‘1600 रेटिंगच्या खालच्या’ स्पर्धा भरपूर होतात आणि त्यात रेटिंगपेक्षा कितीतरी चांगली खेळणारी शाळकरी पोरं मोठ्यांची दाणादाण उडवतात. या पोरांना कुणी लबाड ठरवलं नाही. मुलांचा आकडा लवकर हलावा म्हणून त्यांच्यासाठी बदलाचा गुणक 40 ठेवलेला आहे. मोठ्यांना तो सहसा 20 असतो. 1 मार्च 2024 रोजी तर जागतिक संघटनेने 2000च्या खालच्या सगळ्यांचंच रेटिंग एका झटक्यात वर उचललं : 1000चे 1400 झाले, 1500चे 1700. आपलं माप चुकलंय हे संघटनेनं मान्य केलं आणि खेळाडूऐवजी माप दुरुस्त केलं.

कुस्तीतल्या वजनगटांची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट 100 ग्रॅम जादा वजनामुळे अपात्र ठरली, तेव्हा निदान काटा समोर होता आणि तो सगळ्यांना सारखा होता. पण तिथेही आदल्या दिवशी, वजनात बसून, जिंकलेल्या कुस्त्या पुसून तिला शेवटच्या क्रमांकावर टाकलं, ते मला आजही पटत नाही. कौशल्याला तर असा काटाच नाही. जे आहे ते कालच्या खेळावरून बांधलेला अंदाज आहे, आणि अंदाज चुकला म्हणून माणसाचं जिंकलेलं काढून घेणं हा अन्यायच आहे.

वर्धा-नागपूरकडे आता बॅडमिंटन, टेनिसच्या दर्जावार स्पर्धा भरवणाऱ्यांनी नियमावलीत दोन ओळी आधीच लिहून ठेवाव्यात. पूर्वीचं खेळणं लपवणाऱ्याला बाद करू, त्याचे निकालही रद्द करू. आणि हंगामात सुधारलेल्याला पुढच्या हंगामापासून वरच्या गटात घालू, पण त्याने जिंकलेलं त्याचंच राहील. शंका आली तर आकड्यासोबत खेळ जाणणारे तीन पंच कोर्टाशेजारी बसवा आणि त्यांचा निर्णय सगळ्यांसमोर जाहीर करा.