एकट्या विद्यार्थ्यामागे कोण?

डिसेंबर उजाडला की जळगाव-धुळ्यात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. पुण्या-मुंबईची, नाशिकची मंडळी येतात, एखादा अमेरिकेतूनही येतो. जुन्या सरांच्या पाया पडणं होतं, बाकावर दाटीवाटीने बसून फोटो निघतात, भरीत-पुरीची पंगत उठते. मग निधी जमतो. कुणी वॉटर कूलर देतं, कुणी प्रोजेक्टर, कुणी प्रवेशद्वाराची कमान. हे सगळं चांगलंच आहे. पण एक प्रश्न या मेळाव्यांत विचारलेला मी कधी ऐकला नाही: यंदा आपल्या कॉलेजात जातीमुळे, धर्मामुळे किंवा बोलीमुळे एकटं पडलेलं पोर कोण आहे, आणि त्याच्या पाठीशी आपल्यापैकी कोण उभं राहणार?

हा प्रश्न अमेरिकेतल्या ज्यू माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या विद्यापीठांना उघडपणे विचारला. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला, पाठोपाठ गाझात युद्ध पेटलं आणि त्याची धग अमेरिकी विद्यापीठांच्या आवारात पोहोचली. डोक्यावर किप्पा ही ज्यूंची छोटी टोपी घालून वर्गात जाणाऱ्या पोराला, गळ्यात डेव्हिडचा तारा घालणाऱ्या मुलीला एका सरकारच्या कृत्यांचा जाब विचारला जाऊ लागला. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ज्यू माजी विद्यार्थ्यांनी संघटना बांधल्या, अध्यक्षांना आपल्या नावानिशी पत्रं लिहिली. 5 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटीच्या अध्यक्षांना एक साधा प्रश्न आला: ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांचा भंग ठरतं का? उत्तरं वकिली थाटाची आली. चार दिवसांत पेनसिल्व्हेनियाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, हार्वर्डच्या अध्यक्षांनी जानेवारीच्या दुसऱ्या तारखेला.

या ज्यू माजी विद्यार्थ्यांची आठवण लांबची आहे. 1922 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला होता. उघड कोटा प्राध्यापकांनी नाकारला, पण पुढे प्रवेशासाठी 'चारित्र्य' पाहायची पद्धत आली आणि व्हायचं ते मागच्या दाराने झालं. त्याच सुमारास, 1923 मध्ये, इलिनॉय विद्यापीठात हिलेल ही संस्था सुरू झाली. घरापासून दूर आलेल्या ज्यू मुलांना शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं जेवण मिळावं, सण साजरे व्हावेत, अडीअडचणीला कुणी मोठं माणूस असावं, एवढाच हेतू. आज शेकडो विद्यापीठांत हिलेल आहे आणि त्यामागे माजी विद्यार्थ्यांचा पैसा आहे, वेळ आहे.

त्यांनी केलेलं सगळंच मला पटतं असं नाही. पेनसिल्व्हेनियाचे माजी विद्यार्थी मार्क रोवन यांनी देणगीदारांना नेहमीच्या रकमेऐवजी एक डॉलर पाठवायचं आवाहन केलं. संताप समजतो. पण देणगीच्या जोरावर कुणी काय बोलावं हे ठरू लागलं, तर उद्या ज्याची थैली मोठी त्याचाच न्याय. गाझात मेलेल्या लेकरांसाठी मोर्चा काढणारा विद्यार्थी ज्यूद्वेष्टा ठरत नाही. त्यात कितीतरी ज्यू मुलंही होती. मात्र त्या मोर्चातल्या कुणी वसतिगृहातल्या ज्यू मुलीच्या दारावर धमकी चिकटवली, तर तो द्वेषच, आणि तिथे गप्प बसणारं प्रशासन दोषी. ही रेघ ओढता आली पाहिजे. शुक्रवारचं ताट वाढणारा माजी विद्यार्थी मला थैली आवळणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो, कारण त्याचं लक्ष त्या मुलाकडे आहे.

आपल्या महाराष्ट्रात ज्यूंचा छळ झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते मोठ्या अंशी खरं आहे. कोकणात तेलाच्या घाण्यांवर शनिवारची सुट्टी पाळणारे शनवार तेली, म्हणजे आपले बेने इस्रायल, मराठीच बोलत राहिले. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्यूंची संख्या रोडावली, तरी माझगावची ही शाळा बंद पडली नाही, आज तिथे बहुतेक मुस्लिम मुलं शिकतात. एका अल्पसंख्य समाजाने उभी केलेली सावली दुसऱ्याच्या मुलांना मिळते आहे.

पण याच मुंबईत वाढलेले कवी निस्सीम इझिकेल यांनी 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या कवितेत आपलं शाळकरी वय मांडलं आहे. रोमन कॅथलिक शाळेत हा बारकासा ज्यू मुलगा ख्रिस्ताचा मारेकरी ठरवला गेला, त्याने मारही खाल्ला. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई मुख्याध्यापिका. शिक्षणाच्या घरातलं मूल, तरी वर्गात एकटं. इझिकेल पुढे स्वतः मिठीबाई कॉलेजात शिकवू लागले.

आणि 2006 साली नवी मुंबईत, खारघरला, हिटलरच्या नावाचं एक रेस्टॉरंट उघडलं होतं. मुंबईतल्या ज्यूंनी निषेध केला तेव्हा मालकाने नाव बदललं. आपल्याकडे हिटलरचं आत्मचरित्र स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर खपतं आणि वक्तृत्व स्पर्धेतला एखादा चुणचुणीत मुलगा त्याच्या शिस्तीचे गोडवे गातो. परीक्षक टाळ्या देतात. समोरच्या रांगांत एकही ज्यू मूल नसतं, म्हणून कुणाचा चेहरा उतरलेला दिसत नाही. साठ लाख माणसं मारणाऱ्याचं कौतुक इतकं स्वस्त होतं, ते केवळ ऐकणाऱ्यांत त्यांचं कुणी नसल्यामुळे.

ज्यू मूल आपल्या वर्गात नसेल. तडवी मूल आहे. डॉ. पायल तडवी आपल्या जळगावची. तडवी भिल्ल समाजातून आलेली, मिरजेला एमबीबीएस होऊन मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्र शिकायला गेलेली. 22 मे 2019 रोजी, वयाच्या 26 व्या वर्षी, तिने जीवन संपवलं. आदिवासी असण्यावरून, राखीव जागेवरून तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी छळ केला, असा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे. तक्रार आपण आधीच प्रशासनाच्या कानावर घातली होती, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. त्यानंतर तिच्या आईने, आबेदा तडवी यांनी, हैदराबाद विद्यापीठात जीवन संपवलेल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याच्या आई राधिका वेमुला यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी अशी, की भेदभाव रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्ये केलेले नियम कागदावर राहू नयेत. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने आयोगाकडे समान संधी कक्षांची आणि तक्रारींची माहिती मागितली, मग नव्या नियमांचा मसुदा आला, आणि त्यावरही वाद झाला.

लेक गेलेल्या दोन आया देशाच्या न्यायालयात उभ्या राहतात. त्या मुलांच्या आधी ज्यांनी पदव्या घेतल्या, ज्यांचं आता कुणी काही वाकडं करू शकत नाही, ते कुठे होते? शिकणारं मूल बोलू शकत नाही. त्याचे गुण, हजेरी, प्रबंधावरची सही दुसऱ्याच्या हातात असते. माजी विद्यार्थ्याच्या हातात पदवी असते. त्याला घाबरायचं कारण उरलेलं नसतं.

खानदेशाला हे नवं नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते, तेव्हा छात्रालयही त्यांच्याकडे होतं. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरत, आजारी मुलाच्या उशाशी बसत आणि रात्री जागून 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. कोणतं मूल गप्प झालंय, कुणाचं पत्र घरून आलेलं नाही, हे अशा माणसालाच कळतं.

येत्या मेळाव्यात कमानीच्या खर्चाचा विषय निघेल तेव्हा कुणीतरी उठून एवढं सुचवावं. जून-जुलैत प्रवेश झाले की यावल, रावेर, चोपडा, शिरपूरकडून आलेल्या तडवी, पावरा, भिल्ल मुलामुलींची प्राचार्यांकडून माहिती घ्यायची आणि संमती असेल त्या प्रत्येकाला आपल्यातल्या एकाचा फोन नंबर द्यायचा. महिन्यातून एकदा घरी जेवायला बोलवायचं. कॉलेजच्या समान संधी कक्षाची बैठक खरोखर होते का, तिचं शेवटचं इतिवृत्त कधीचं आहे, हे लेखी विचारायचं. आणि एखाद्या मुलाने रडत फोन केला, तर संस्थाचालकांशी आपलं कितीही सख्य असलं तरी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सहीचं पत्र घेऊन कार्यालयात जायचं आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.