दोन मिनिटांची वहिवाट

पुण्यात रस्ता खणायला घेतला की माणसं तीन प्रश्न विचारतात. "काय टाकतायत?", "कधी संपणार?" आणि "मागच्याच वर्षी केला होता ना?" आमच्या शाखेसमोरचा रस्ता खणला गेला तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'पाइप' किंवा 'केबल' असं नेहमीचं न येता, "रस्ता सुधारतायत, त्यात सायकल ट्रॅक आहे," असं आलं. हे ऐकून आमचे हेडकॅशियर नोटा मोजता मोजता थांबले. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हासुद्धा ते थांबले नव्हते. तेव्हा थांबायला सवडच नव्हती म्हणा.

"सायकल ट्रॅक? कुणासाठी?"

"सायकलवाल्यांसाठी."

"ते आहेत कुठे?"

एवढं बोलून त्यांनी अंगठा ओला केला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी मात्र त्या प्रश्नात अडकलो. मी बी. कॉम. आहे. तत्त्वज्ञानाशी आमचा संबंध 'नफा म्हणजे काय' एवढाच येतो, आणि तोही परीक्षेपुरता. पण हा प्रश्न काही मला सोडीना.

वास्तविक सायकलवाले कुठे गेले हे मला शोधायला लांब जायची गरज नव्हती. एक तर आमच्याच घरात होता. आमचे वडील सदाशिव पेठेतून खडकीला नोकरीसाठी रोज सायकलने जात. तेव्हाचं पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई, आणि त्या शहरात आमचे वडील म्हणजे एक अत्यंत कायदेभीरू नागरिक होते. डायनॅमो बिघडला की ते सायकल हातात धरून घरी चालत येत. त्यांनी आयुष्यात एकच गुन्हा केला, तो म्हणजे मला पुढे दांडीवर आणि आईला मागे कॅरियरवर घेऊन सारसबागेला जाणे. चौकात पोलीस दिसला की आई टुणकन उतरून, ह्या माणसाशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं फुटपाथवरून चालू लागे. चौक ओलांडला की संसार पुन्हा जुळे.

पुढे मी बँकेत लागलो आणि स्टाफला सवलतीच्या व्याजानं कर्ज मिळतं म्हटल्यावर स्कूटर घेतली. गरज होती म्हणून नव्हे. सवलत होती म्हणून. आता आमच्या चिरंजीवांची सायकल आहे. तिला चोवीस गिअर आहेत, आणि त्यांपैकी एकाही गिअरमध्ये ती गॅलरीतून हललेली नाही. आमची ही तिच्यावर पापड वाळवते.

कागदावर मात्र सायकलवाल्याचं फार बरं चाललेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल ट्रॅक कसा बांधावा याची पुस्तिका १९६२ सालीच काढली. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात तर चक्क असं म्हटलं आहे, की रस्त्याची जागा वाटताना वाहनं नव्हे, माणसं डोळ्यांसमोर ठेवावीत. २०१७ च्या डिसेंबरात आमच्या महापालिकेच्या सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमाराला मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या आणि पाहुण्यांसारख्या दोनतीन वर्षांत निघूनही गेल्या. थोडक्यात काय, सायकलवाल्याला इतक्या वेळा जागा मंजूर झाली आहे की आता त्यानं फक्त तिथवर पोहोचायचं बाकी आहे.

तर आमचा ट्रॅक तयार झाला. तांबडा रंग, कडेला दगडी पट्टी आणि मधोमध पांढऱ्या सायकलचं चित्र. पहिल्या दिवशी तो पाहून मला वडिलांची आठवण आली आणि गळा दाटून आला. दुसऱ्या दिवशी त्यावर एक शहाळ्यांची गाडी आली. तिसऱ्या दिवशी शहाळं पिणाऱ्यांच्या स्कूटरी आल्या. चौथ्या दिवशी एका मंगल कार्यालयाची वरात येऊन गेली. आणि पाचव्या दिवशी, सांगायला लाज वाटते, पांढऱ्या सायकलच्या बरोबर डोक्यावर माझी स्कूटर उभी होती.

माझी बाजू ऐकून घ्या. शाखेमागच्या गल्लीत जागा असते. पण तिथून चालत यायला चार मिनिटं लागतात. दहाला पाच कमी असताना कारकुनाच्या आयुष्यात चार मिनिटं म्हणजे काय, हे बिनपगारी रजा झालेल्यालाच कळतं. म्हणून मी "दोन मिनिटांसाठी" स्कूटर ट्रॅकवर लावली. ही दोन मिनिटं संध्याकाळी साडेपाचला संपली. दुसऱ्या दिवशीही दोनच मिनिटं लावली. आठवड्यानं तिथे दुसऱ्या कुणाची गाडी दिसली तेव्हा मला मनापासून राग आला. माझ्या जागेवर! मोगलाईत मोठमोठ्या जहागिऱ्या मिळवायला माणसांना लढाया माराव्या लागत. मी सहा बाय अडीचची जहागीर नुसती दोन मिनिटांच्या वहिवाटीवर मिळवली होती.

याच काळात हेडकॅशियरांचा आणि माझा वाद रंगात आला. वाद म्हणजे आमचं एकमतच होतं. पण पुण्यात एकमतसुद्धा वादाच्याच आवाजात मांडायची पद्धत आहे. मी जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी बसून अर्धा तास पाहणी केली आणि निकाल जाहीर केला : ट्रॅकवरून गेलेल्या सायकली, शून्य.

"बघ!" हेडकॅशियर म्हणाले. "वापरतच नाही कुणी. पार्किंगला द्या ना सरळ!"

त्या शून्यावर आम्ही दोघंही खूश होतो. ट्रॅकवर सहा स्कूटरी उभ्या होत्या, त्यांतली एक माझी आणि एक त्यांची होती, आणि त्यामुळे तिथून सायकल जाऊच शकत नव्हती, हा तपशील पाहणीत घ्यायचं राहून गेलं. दुकानाला बाहेरून टाळं लावायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकान विकायला काढायचं, असला हा हिशेब. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला नापास करतील.

आणि एका मंगळवारी आमचे शिपाईमामा कोपराला बँडेज बांधून आले. मामा आमच्या शाखेत माझ्याही आधीपासून आहेत. दुसऱ्या शाखेत पाकिटं पोचवायला ते सायकलनं जातात, घरूनही सायकलनंच येतात. आम्ही नऊ पंचावन्नला घाम पुशीत येतो तेव्हा ते शाखा उघडून, झाडून, पाणी भरून बसलेले असतात. म्हणजे ज्या सायकलवाल्याला मी खिडकीतून शोधत होतो, तो रोज अकरा वाजता मला चहा आणून देत होता. मला तो दिसला नाही, कारण सायकलवाला म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे हेल्मेट आणि रंगीत चड्डीवाला रविवारचा साहेब येतो. पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन, दुधाच्या पिशव्या हँडलला लावून जाणारा माणूस, हे माझ्या लेखी सायकलवाले नव्हतेच. ते नुसते जात होते.

"काय झालं मामा?"

"काही नाही साहेब. टेंपोचा आरसा लागला. समोरच."

"ट्रॅक सोडून रस्त्यावर कशाला गेलात?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "साहेब, एक गाडी मधे असली तर वळसा घालून परत आत येता येतं. सहा होत्या ओळीनं. म्हणून बाहेरच राहिलो."

त्यांनी माझी गाडी ओळखली होती का, ते मी विचारलं नाही. रोज पुसतात ते ती.

त्या दिवशी माझी कॅश लागली नाही. मन सारखं दुसराच हिशेब करत होतं. सहातली एक माझी. म्हणजे कोपराचा एकषष्ठांश दोष माझा. उरलेल्या पाचांनी आपापलं बघावं. हे गणित मला पटतही आलं होतं, इतक्यात काउंटरवर एक जामीनदार भांडत आला. "आम्ही तिघं जामीन आहोत, मग सगळी नोटीस मलाच का?" मी गेली अठरा वर्षं देत आलो आहे तेच उत्तर त्याला दिलं, "साहेब, जामीनदार पाव-अर्धा नसतो. प्रत्येक जण पूर्ण रकमेला बांधलेला असतो." आणि तोंडातून शब्द गेल्यावर मीच गप्प झालो. ओळ सहांची होती म्हणूनच मामा बाहेर राहिले. आणि सहांतला प्रत्येक जण 'माझी तर एकच' म्हणत होता.

रात्री नेदरलँड्सहून पुतणीचा फोन आला. तिच्या ऑफिसचे साहेब पावसात सायकलवर येतात हे तिचं नेहमीचं कौतुक. मी म्हटलं, "त्यांचं वेगळं गं. ते लोक पहिल्यापासूनच तसे."

"नाही काका," ती म्हणाली, "युद्धानंतर इथेही मोटारी वाढल्या आणि सायकली घटल्या. १९७१ साली इथे रस्त्यावर तीन हजारांवर माणसं गेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. मग लोक रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' असं त्या चळवळीचं नावच होतं. त्यात १९७३ साली तेल महागलं आणि सरकारनं काही रविवार मोटारीच बंद ठेवल्या. तेव्हा कुठे हे रस्ते बदलायला लागले."

म्हणजे 'आधी सायकलवाले दाखवा, मग ट्रॅक देऊ' असं तिथे कुणी म्हणत बसलं नाही तर!

आमच्या बँकेत एक नियम आहे. दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय धरतात. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण तरीही ती त्याचीच असते. खातेदार किंवा त्याचा वारस कागद घेऊन आला की द्यावी लागते. 'बरेच दिवस कुणी आलं नाही, तोवर आपण घेऊ' असं म्हणून हेडकॅशियरांनी त्यातले पाचशे रुपये दोन मिनिटांसाठी जरी खिशात घातले, तरी त्यांना घरी बसावं लागेल. पैशाच्या बाबतीत आम्ही इतके सोवळे, आणि जागेच्या बाबतीत? तो ट्रॅक म्हणजे मामांचं खातं होतं. त्यात व्यवहार नव्हते, कारण काउंटरसमोर आम्हीच स्कूटर लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या गल्लीत गाडी लावू लागलो. घरातून चार मिनिटं आधी निघावं लागतं. ते जमतं, असा शोध चाळिशीनंतर लागला. माझ्या रिकाम्या जागेत, अर्थातच, दोन मिनिटांत कुणी तरी मोटार घातली. हेडकॅशियर खिडकीतून म्हणाले, "काय फरक पडला तुझ्या एकट्यानं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. मात्र पुढच्या सोमवारी त्यांची स्कूटर गल्लीत माझ्या शेजारी दिसली. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "तिकडे ऊन लागतं. सीट तापते."

मी मामांची माफी मागितली. त्यांनी ती चहाच्या कपाबरोबर उचलून नेली. संध्याकाळी परत आले तेव्हा म्हणाले, "साहेब, आज तीनच गाड्या आणि एक मोटार. पहिल्या दोघांना वळसा घालून आत येता आलं."

खातं अजून पुरतं चालू झालेलं नाही. पण एक एंट्री पडली आहे.