आजीची बेगमी

पौषातील थंडी निफाड तालुक्यात गोदाकाठी पारा जेव्हा ५ अंशांच्याही खाली उतरवते, आणि मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवून व पहाटे विहिरीचे कोमट पाणी सोडून शेतकरी जागत असतो, तेव्हा त्याच्याच घरात एक वृद्धा, कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता, सर्वांच्या आधी उठून चुलीपाशी बसलेली असते. तिची बेगमी आश्विनापासूनच सुरू झालेली असते. जीर्ण लुगडी फाडून, धुऊन, थरावर थर रचून बारीक धावदोऱ्याने शिवलेली नवी गोधडी नातवाच्या अंगावर पडते, आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला येते ती सर्वांत विरलेली. या व्यवस्थेविरुद्ध तिने आजवर एकही तक्रार गुदरलेली नाही, आणि खरे सांगायचे तर मला तेच खटकते. भोगीच्या सकाळी तीळ लावून बाजरीची भाकरी थापताना गारठ्याने आखडलेली तिची बोटे पहिल्या दोन भाकरी वाकड्या करतात. तिसरी मात्र तव्यावर पडते ती गोल गरगरीत. श्रोतेहो, त्या वाकड्या दोन ती गुपचूप स्वतःच्या ताटात घेईल. आज त्यांतली एक आपण मागून घ्या.