थांबण्याची कमाई

जळगाव-धुळ्याहून समुद्र खूप दूर. तरीही हिवाळ्यात आपल्या आठवडे बाजारात सुक्या बोंबलाचा वास ओळखू येतोच. तव्यावर भाजलेला बोंबील, लाल मिरचीचा ठेचा आणि कळण्याची भाकरी म्हणजे अनेक घरांतली साधी न्याहारी.

हा बोंबील येतो वसई, वर्सोवा, सातपाटीसारख्या किनाऱ्यांवरून. कोळी बांधव भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळी लावतात आणि पाणी फिरायच्या सुमारास ती उचलतात. बोंबलाच्या अंगात पाणी फार, म्हणून तो लवकर नासतो. मग कोळणी जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडणीवर, म्हणजे वलांडीवर, तो वाळत घालतात. हिवाळ्याचं कोरडं वारं आणि ऊन मिळालं की तो टिकाऊ होतो.

पण या हंगामाचं बीज पावसाळ्यात असतं. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ. हातातोंडाशी घास असताना कोळी दोन महिने होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, तेव्हा पुढे जाळ्यात मासा येतो.

आपल्या हतनूर, गिरणा धरणांतही पावसाळ्यात मासे अंडी घालतात. विहिरीचं पाणी असो की रानातलं लाकूड, निसर्गाकडून घेताना थोडं थांबायला हवं. आज काही उपसण्याआधी एवढंच विचारा: उद्यासाठी मी किती सोडलं?