वर्ण : निमगोरा

मी शाळेत इतिहास शिकवते. दरवर्षी मुलांना भडकल दरवाज्यापाशी नेते आणि सांगते, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर हा हबशी. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली; तेच आपलं शहर. नहरींनी इथं पाणी आणलं तेही त्यानंच. जहांगीर बादशहाच्या हाती तो कधी लागला नाही. मग बादशहानं १६१६च्या सुमारास एक चित्र काढवून घेतलं : भाल्यावर अंबरचं काळं मुंडकं आणि त्यावर बाण मारणारा जहांगीर. अंबर पुढं दहा वर्षं जगला. मुलांना मी म्हणते, सत्ता असली की हवं तसं चित्र काढवून घेता येतं.

गेल्या महिन्यात पुतणीचा बायोडाटा करायला बसले. मोबाइलवर तिचा फोटो उघडला, बोटानं पट्टी सरकवली, चेहरा उजळला. वर्णापुढं 'निमगोरा' लिहिलं. तिनं ते पाहिलं आणि एवढंच विचारलं, "काकू, ही कोण?"

तिच्या भल्यासाठीच केलं, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं.

मला पाहायला आले तेव्हा 'मुलगी गोरी आहे' एवढ्यावर होकार आला होता. या घरात त्या गोरेपणाचा मान मी तीस वर्षं घेतला. जाऊबाई सावळ्या. सासूबाई त्यांना रंगावरून बोलायच्या, तेव्हा मी खाली मान घालून भाजी निवडत राहायचे. गप्प राहण्यात माझा फायदा होता. लहानपणी पुतणीला "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील" म्हणणारीही मीच.

२०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'नं नावातला 'फेअर' काढला, तेव्हा स्टाफरूममध्ये मी किती समाधानानं बोलले होते! शब्द डब्यावरून गेला, पण माझ्या बोटात राहिला. त्या चित्रकाराला निदान बादशहाचा हुकूम होता. मला कुणाचा होता?

फोटो होता तसा लावला. वर्णाची ओळच काढून टाकली. पुतणीची माफी मागितली. जाऊबाईंशी मात्र अजून बोलले नाही. तीस वर्षांच्या गप्प राहण्याबद्दल कुठून सुरुवात करावी, कळत नाही. पण पुढच्या वेळी मुलांना भडकल दरवाज्यापाशी नेण्याआधी मला ते बोलायचं आहे.